शनीचे दहा चंद्र आणि परतीच्या दोन चकत्या

पेटीच्या झाकणाचा उजवा कोपरा फाटलाय आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीचं नाव त्या कोपऱ्याबरोबर गेलंय. उरलंय ते चित्र: निळ्या-काळ्या आभाळात तिरकं निघालेलं लाल यान, खाली पृथ्वीचा गोल, वर कडी घातलेला शनी. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर एका दुकानात ग्रामोफोनच्या तबकड्यांखाली ही पेटी दबलेली होती. गिरगावातून खेतवाडीमार्गे मी तिथे चालत जातो. पंचेचाळीस वर्षं बाइंडिंगचा धंदा केला, त्यामुळे पुठ्ठ्याची जुनी वस्तू दिसली की हात आपोआप तिकडे जातो. दुकानदार चाचांनी दोन हजार सांगितले. मी पट उलगडून पाहिला, पाठीमागचं काळं कापड जागोजागी सुटलेलं दाखवलं, आणि चौदाशेवर सौदा ठरला. "पूरा है, गिन लो," म्हणाले. मोजलं. चार यानांपैकी पिवळ्याचा खालचा टप्पा नव्हता, फासाही नव्हता. ते त्यांनी मान्य केलं आणि एक हस्तिदंती रंगाचा फासा दुसऱ्या डब्यातून काढून वर दिला.

नातीसाठी घेतला. ती नऊ वर्षांची आहे. आज सहा महिने झाले, आठवड्यातून दोनदा तरी डाव मांडला जातो, आणि आता या खेळाबद्दल खात्रीने चार शब्द लिहावेत असं वाटतं.

आधी कामाबद्दल, कारण ते मला कळतं. पटाचा पुठ्ठा तीन घड्यांचा आहे, जाड, आतून करडा, आणि इतक्या वर्षांत मुंबईची दमट हवा खाऊनही तो वाकलेला नाही. भिंग लावून पाहिलं तर रंगाचे ठिपके एकावर एक नेमके बसलेत. छापताना एकही रंग सरकलेला नाही. गडद निळा रंग अजून तसाच आहे, लाल मात्र विटकरी झालाय. घडीवरचं कापड मी काढलं आणि नवं बाइंडिंग क्लॉथ लावलं. मैद्याची खळ घरीच शिजवली. एरवी कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकतो, इथे टाकलं नाही. मुलांचे हात लागणार, तेच हात तोंडात जाणार. रात्रभर वजनाखाली ठेवला आणि सकाळी पट टेबलावर सपाट बसला. पिवळ्या यानाचा खालचा टप्पा जुन्या धाग्याच्या रिळातून कापून केला.

पेटीवर साल नाही. ते शोधून काढण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला आणि तो मला सगळ्यात आवडलेला रविवार. खेळात प्रत्येक ग्रहाची पत्ती आहे आणि पत्तीवर त्याची माहिती. शनीच्या पत्तीवर लिहिलंय, चंद्र दहा. शनीचा दहावा चंद्र दिसला 1966 च्या डिसेंबरात, म्हणजे पेटी त्याच्या नंतरची. गुरूच्या पत्तीवर चंद्र बारा. तेरावा सापडला 1974 साली, म्हणजे पेटी त्याच्या आधीची. युरेनसला कडी दाखवलेली नाहीत, तेही जुळतं, कारण ती सापडली 10 मार्च 1977 ला. त्या रात्री युरेनस एका ताऱ्यासमोरून सरकला आणि तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतूनही त्याचा वेध घेतला गेला होता. हे सांगितल्यावर नातीने पत्ती पुन्हा हातात घेतली आणि युरेनसभोवती बोटाने गोल फिरवलं. त्याच महिन्यात वरळीचं नेहरू तारांगण सुरू झालं होतं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, आणि घुमटाखालचा तो अंधार मला अजून आठवतो.

बुधाच्या पत्तीवर तर सरळ चूक आहे. त्याची एक बाजू कायम सूर्याकडे असते, असं छापलंय. पूर्वी तसंच समजत होते. 1965 साली रडारने मोजलं तेव्हा कळलं की बुध स्वतःभोवती फिरतो, एका फेरीला आपले एकोणसाठ दिवस घेतो. खेळ त्यानंतर छापला गेला, पण ती बातमी छापखान्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. प्लूटो अर्थातच नववा ग्रह म्हणून ऐटीत बसलाय. त्याचं ते पद गेलं 2006 मध्ये. काही पालक म्हणतील, चुकीची माहिती मुलांच्या हातात कशाला द्यायची? माझं मत उलट आहे. शनीचे दहा चंद्र वाचून नातीने आजचा आकडा विचारला. 2025 साली तो 274 वर गेलाय. दहाचे पावणेतीनशे कसे झाले, कोणी मोजले, इतके दिवस ते होते कुठे, हे प्रश्न तिला नव्या कोऱ्या पुस्तकातून पडले नसते. तिने प्रत्येक पत्तीच्या मापाचा बटर पेपर कापून घेतलाय आणि त्यावर पेन्सिलने आजची माहिती मराठीत लिहून तो पत्तीवर ठेवते. खालचं जुनं वाचता येतं, वरचं नवंही.

आता खेळ कसा आहे ते. प्रत्येक भिडूला तीन टप्प्यांचं एक यान आणि इंधनाच्या तीस लाल चकत्या मिळतात. पृथ्वी सोडतानाच दहा चकत्या जातात आणि यानाचा खालचा टप्पा काढून पेटीत टाकावा लागतो. पुढे फाशावर जितकं दान पडेल तितकी घरं सरळ जायचं, त्याला काही पडत नाही. दिशा बदलली की मात्र एक चकती. ग्रहावर उतरायला दोन, उडायला दोन. तीन ग्रहांच्या पत्त्या गोळा करायच्या. आणि पृथ्वीवर परत यायचं. पृथ्वीवर उतरायला पुन्हा दोन चकत्या लागतात. त्या नसतील तर हातात तीन पत्त्या असूनही डाव गेला.

हिशोब करून बघा. तीसातून दहा गेल्या, तीन ग्रहांच्या बारा गेल्या, परतीच्या दोन बाजूला ठेवल्या, उरल्या सहा. सहा वळणांत सगळा प्रवास बसवायचा. म्हणून यान हलवण्याआधी मूल पटाकडे बघत बसतं, बोटाने वाटा काढतं, मागे घेतं. सरळ जायला इंधन लागत नाही, वळायला लागतं, हे कोणी समजावून न सांगता तिसऱ्या डावाला त्यांच्या हातात बसतं. शाळेत न्यूटनचा पहिला नियम येईल तेव्हा तो त्यांना ओळखीचा वाटेल.

परतीचा हा नियम हा या खेळाचा जीव आहे. आपण लहानपणापासून सापशिडी खेळतो. तिचं मूळ आपल्याकडच्या मोक्षपटात, ज्याच्याशी ज्ञानेश्वरांचं नाव जोडलं जातं. तिथे शेवटच्या घरात पोचलं की पोचलं. मोक्षातून परत कोण येतो! बहुतेक शर्यतीचे खेळ असेच, टोकाला जाऊन संपणारे. इथे टोकाला गेल्यावर निम्मा खेळ उरतो. आणि खऱ्या मोहिमाही अशाच आखल्या गेल्या. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी मे 1961 मध्ये जे ध्येय मांडलं त्यात माणूस चंद्रावर उतरवणं जितकं होतं, तितकंच त्याला सुखरूप परत आणणंही होतं. 1969 साली अपोलो 11 घेऊन निघालेलं सॅटर्न पाच हे रॉकेट 110 मीटर उंच, वजन 2,900 टनांच्या आसपास. पहिला टप्पा जेमतेम अडीच मिनिटांत दोन हजार टनांहून जास्त इंधन जाळून गळून पडला. आठ दिवसांनी समुद्रात परत उतरली ती पाचेक टनांची कुपी. नातीला हे सांगितलं तेव्हा तिने यानाचं वरचं टोक, करंगळीच्या पेराएवढं, तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईत आले होते. वडील गर्दीत उभे राहून बघून आले. मी पाच वर्षांचा, मला नेलं नाही. वडील घरी येऊन इतकंच म्हणाले, "माणसं आपल्यासारखीच दिसतात रे."

नियमांच्या पानावर शेवटून दुसरी एक ओळ आहे, ती पहिले दोन डाव आमच्या नजरेतून सुटली होती. कोणाच्या चकत्या संपल्या तर त्याने आहे तिथे थांबायचं, आणि शेजारच्या घरात जो भिडू येईल त्याने त्याला दोन चकत्या द्यायच्याच. नाही म्हणायची मुभा नाही. 1968 साली देशादेशांमध्ये संकटातल्या अंतराळवीरांना मदत करण्याचा करार झाला, तो याच काळातला.

गेल्या महिन्यात नातीचं यान मंगळाच्या पुढे असंच अडकलं. तीन पत्त्या हातात, चकती एकही नाही. समोर आमच्याच चाळीतला तिचा दोस्त, त्याच्याकडे दोनच पत्त्या, चकत्या भरपूर. तो तिसऱ्या ग्रहाकडे सरळ जाऊ शकत होता. तिच्या बाजूला वळायला त्याची एक चकती गेली असती, वर दोन द्याव्या लागल्या असत्या. त्याने पटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. त्याने यान वळवलं, एक चकती पेटीत टाकली, दोन तिच्यापुढे सरकवल्या. पुढच्या दोन दानांत ती पृथ्वीवर उतरली आणि जिंकली. मग म्हणाली, "आजोबा, हा डाव आम्हा दोघांचा लिहा." आमची डावांची वही आहे, तीत त्या दिवशी दोन नावं आहेत.

उणिवाही सांगतो. चौघे बसले तर डाव दीड तास चालतो आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात रेंगाळतो. एक पडला की एक खेप बाद, हा नियम तिथे त्रासच देतो. आम्ही तो काढून टाकला आणि खेळ सुधारला. चकत्या छोट्या आहेत, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पट उंचावरच मांडा. सगळा मजकूर इंग्रजीत, बारीक टायपात. पहिले काही दिवस मोठ्या माणसाला जवळ बसावं लागतं. आणि पत्त्यांवर काढलेले अंतराळवीर सगळे पुरुष आहेत. नातीच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. व्हॅलेंतिना तेरेश्कोवा 1963 च्या जूनमध्येच अंतराळात जाऊन आली होती, चित्रकाराला ते ठाऊक असायला हवं होतं. याचं मला वाईट वाटतं.

मागच्या दिवाळीत एक नवा अंतराळाचा खेळ घेतला होता, याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला. त्याचा पट दोन महिन्यांत घडीवर उकलला आणि ग्रह नुसते रंगीत घरं म्हणून होते. शुक्राच्या जागी आंबा छापला असता तरी खेळात काही फरक पडला नसता. तुलना करताना तोच डोळ्यांपुढे येतो.

कोणाला असा जुना खेळ घ्यायचा असेल तर शुक्रवार सोडून जा. शुक्रवारी पहाटे जुम्मा बाजार भरतो, तिथे पेटी मिळते पण उघडून निवांत मोजू देत नाहीत. पट वास घेऊन पाहा. कुबट वास उन्हात जातो, पण पुठ्ठ्याचे थर सुटले असतील तर घेऊ नका, ते धरत नाहीत. फासा, सोंगट्या घरी करता येतात. नियमांचं पान मात्र पेटीत आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा, आणि ते शेवटपर्यंत वाचा.