काचपेटीतल्या ऑर्किडला ऊब: बल्ब, मॅट की पाण्यातला हीटर?

टेरॅरियमसाठी, म्हणजे रोपांच्या काचपेटीसाठी, हीटर शोधायच्या आधी कमाल-किमान दाखवणारा एक साधा थर्मामीटर घ्या आणि आठवडाभर रोपाच्या उंचीवर ठेवा. कोकण सगळीकडे सारखं गारठत नाही. रत्नागिरीत जानेवारीची रात्र साधारण १८-१९ अंशांवर थांबते. दापोलीत पारा १०-१२ पर्यंतही उतरतो. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला रात्री १५-१६ च्या खाली सोसत नाही. म्हणजे समुद्रालगतच्या घरात बहुतेकदा हीटर लागतच नाही. पेटी खिडकीपासून उचलून माजघरात आणली की भागतं. उलट रात्रीचा थोडा गारवा त्या रोपाला हवाच असतो, त्याशिवाय फुलाचा दांडा सुटायला मागत नाही. चोवीस तास २८ अंशांत ठेवलंत, तर नुसती पानं मोजत बसाल.

दापोलीसारख्या वरच्या गावात मात्र काहीतरी करावंच लागतं.

जुना पिवळा ४० वॅटचा बल्ब सगळ्यात स्वस्त, पण मी त्याच्या बाजूने नाही. पहाटेचा मतलई वारा आधीच कोरडा, त्यात बल्बने पेटीतली ओलही जाते. जवळची पानं भाजतात, रोपाला रात्रभर अंधार मिळत नाही. एलईडी लावाल तर ऊब जवळजवळ नाहीच.

हीटिंग मॅट त्याहून बरी. २० वॅटची मॅट दहा तास चालली तरी ०.२ युनिट, महिन्याला सहाच्या आसपास. पण ती तळाखाली ठेवू नका, खालचं मॉस वाळतं. मागच्या काचेला बाहेरून लावा. थर्मोस्टॅटशिवाय (ठरावीक तापमानाला मॅट आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) घेऊच नका, आणि त्याचा सेन्सर काचेला न चिकटवता मुळांजवळ ठेवा. लुडिसियासारखी मखमली पानांची, बुटकी ऑर्किडं असतील तर एवढं पुरे.

फॅलेनॉप्सिस किंवा नारळाच्या सोडणावर बांधलेलं डेंड्रोबियम असेल, तर माझं मत पाण्यातल्या हीटरला. माशांच्या टाकीतला २५-५० वॅटचा हीटर तळच्या ट्रेमधल्या पाण्यात पूर्ण बुडवायचा, वर जाळी, जाळीवर कुंड्या. पाणी २४-२५ अंशांवर ठेवलं की ऊब आणि ओल दोन्ही वर येतात, आणि लाईट गेली तरी पाणी काही वेळ कोमट राहतं. त्रासही आहे: पाणी आटून हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते. पेटीच्या काचेवर पातळीची खूण करा, रोज सकाळी भर घाला. किनाऱ्यावरचं खारट बोअरचं पाणी यात नको, क्षार बसतात.

दुसरी गोष्ट झाकणाची. रात्री त्यावर दव धरतं आणि थेंब नेमके रोपाच्या गाभ्यात पडतात. गाभा काळा पडून कुजला की फॅलेनॉप्सिस बहुधा वाचत नाही. झाकण किंचित तिरपं ठेवा म्हणजे पाणी कडेला ओघळेल, आणि दोन बोटं फट सोडा. कॉम्प्युटरमधला छोटा पंखा मिळाला तर उत्तमच.

कुठलाही हीटर असो, दुपारी बंदच हवा. जानेवारीतही इथली दुपार तिशीपलीकडे जाते, आणि उन्हात राहिलेली बंद पेटी रोप अर्ध्या दिवसात शिजवते. थंडीने एवढं नुकसान होत नाही.

सीतेची वेणी हे ऑर्किड मात्र पेटीत आणूच नका. ती इथलीच आहे. आंब्याच्या खोडावर राहू द्या, थंडीत पाणीही बेतानेच घाला.