नेस्टले–आलांट २८: जुन्या करारातली अवतरणं शोधायला किती कामाची?

नव्या कराराच्या ग्रीक मजकुराची ही आवृत्ती बहुतेक जण पाठभेदांसाठी, म्हणजे हस्तलिखिता-हस्तलिखितातल्या शब्दांच्या फरकांसाठी, विकत घेतात. एबरहार्ड नेस्टले यांनी १८९८ मध्ये श्टुटगार्टहून तिची सुरुवात केली. २८वी आवृत्ती २०१२ ची असून तिच्या मजकुराचं काम म्युन्स्टरच्या संशोधन संस्थेत झालं आहे. वर मजकूर आणि खाली पाठभेद ही मांडणी भांडारकर संस्थेचं महाभारत चाळलेल्याला नवी वाटणार नाही. इथे मात्र तिला एकाच कामावर तपासलं आहे: पौल, मत्तय किंवा इब्री लोकांस पत्र लिहिणारा लेखक जुनी हिब्रू शास्त्रं कुठे वापरतो आणि कशी वापरतो, हे या पुस्तकातून किती कळतं? 'कुठे'चं उत्तर एवढ्या दाटीने देणारं दुसरं हातात मावणारं पुस्तक नाही. 'कशी'साठी ते एकटं पुरत नाही, आणि दोन-तीन ठिकाणी सरळ चकवतं.

रचना आधी समजून घ्यावी. संपादकांना थेट अवतरण वाटलेला मजकूर तिरप्या टाइपात आहे. बाहेरच्या समासात त्याचा मूळ संदर्भ असतो. थेट अवतरणाचा तिरप्या टाइपात, नुसत्या सूचक उल्लेखाचा साध्या टाइपात. संदर्भापुढे गॉथिक वळणाचं 'जी' अक्षर दिसलं, तर ते सेप्टुअजिंटचं, म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतराचं चिन्ह. उद्गारचिन्ह असेल, तर त्या विषयाचे संदर्भ त्या एका जागी एकत्र दिलेले आहेत. पुस्तकांची संक्षिप्त नावं लॅटिनवरून घेतलेली असल्याने सुरुवातीला अडखळायला होतं: 'जेडीसी' म्हणजे शास्ते, 'आरजी' म्हणजे राजे, 'टीएचआर' म्हणजे विलापगीत. प्रस्तावना जर्मनबरोबर इंग्रजीतही आहे. ती वगळून थेट मजकुराकडे वळणाऱ्याला समास कळत नाही, आणि या कामासाठी या पुस्तकातली सगळ्यात मोलाची जागा समासच आहे.

आता प्रत्यक्ष वापर. इब्री १०:५ उघडा. तिरपा मजकूर लगेच दिसतो, समास स्तोत्र ४०:७ कडे पाठवतो. मराठी बायबलमध्ये ४०:७ काढलं तर ओळ जुळत नाही, कारण हिब्रूत स्तोत्राचं शीर्षक पहिलं वचन धरतात. मराठीत तीच ओळ ४०:६ आहे. सेप्टुअजिंटमध्ये तर ते ४०वं स्तोत्रच नाही, ३९वं आहे. हिब्रूतलं ९वं आणि १०वं स्तोत्र तिथे एकच धरल्यामुळे पुढचे आकडे एकाने मागे पडतात. ११४ ते ११६ आणि १४७ या ठिकाणी आणखी जोडतोड आहे, आणि १४८ पासून गाडी पुन्हा रुळावर येते. एका ओळीचे तीन पत्ते झाले. यिर्मयाचं दुखणं याहून मोठं: हिब्रूतला ३१वा अध्याय, म्हणजे देव नवा करार करील हे अभिवचन असलेला, सेप्टुअजिंटमध्ये ३८वा आहे. सुरुवात करणारे बहुतेक इथेच अडकतात आणि संदर्भ चुकीचा छापला आहे असं समजतात.

पत्ता सापडल्यावर खरी गंमत. हिब्रू स्तोत्र म्हणतं, तू माझे कान उघडलेस. इब्री लोकांस पत्र म्हणतं, तू माझ्यासाठी शरीर तयार केलंस, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्या 'शरीर'वर उभा आहे. लेखकाने शब्द बदलला, असा निष्कर्ष काढायच्या आधी राल्फ्स–हानहार्ट यांची सेप्टुअजिंट (२००६) उघडावी. तिथेही मजकुरात 'कान'च छापलंय! नवखा वाचक इथे हमखास थांबतो. तळाची टीप पाहिली की उलगडतं: व्हॅटिकन, सिनाई आणि अलेक्झांड्रिया या तिन्ही मोठ्या ग्रीक हस्तलिखितांत 'शरीर' आहे. राल्फ्स यांनी लॅटिन स्तोत्रसंहितेच्या आधारावर 'कान' निवडलं. लेखकापुढे 'शरीर' असलेली ग्रीक प्रत होती की हा शब्द पत्रातूनच मागे स्तोत्रात शिरला, यावर मतं वेगळी आहेत; पण नुसता वरचा मजकूर वाचणाऱ्याला हा प्रश्न आहे हेसुद्धा कळणार नाही.

शब्द असे मागे शिरतात याचा पुरावा पाहायला रोमकरांस ३:१०-१८ बघा. पौलाने तिथे पाच-सहा स्तोत्रांतल्या ओळी आणि यशया ५९ मधला तुकडा एका माळेत ओवला आहे. समास ओळीगणिक उगम देतो. हे काम तो उत्तम करतो. पण तीच माळ सेप्टुअजिंटच्या काही हस्तलिखितांत स्तोत्र १३:३ मध्ये (हिब्रू १४) जशीच्या तशी सापडते. पत्र वाचून बसलेल्या ख्रिस्ती लेखनिकांनी ती तिथे घातली असं मानलं जातं, आणि राल्फ्स ती कंसात छापतात. कंसाकडे दुर्लक्ष केलं, तर पौलाने सगळं एकाच स्तोत्रातून उचललं असं वाटेल.

सेप्टुअजिंट हाच नव्या कराराच्या लेखकांचा एकमेव आधार, हा समजही या पुस्तकासोबत बसलं की टिकत नाही. मत्तय २:१५ मध्ये 'मिसर देशातून मी आपल्या पुत्राला बोलावलं' आहे. होशेय ११:१ चं हिब्रू तसंच आहे. ग्रीक मात्र 'त्याच्या मुलांना' म्हणतं. मत्तय इथे हिब्रूकडे झुकलेला आहे. उलट बाजूला प्रेषितांची कृत्ये १५:१६-१८ घ्या. यरुशलेमच्या सभेत याकोब आमोस ९ चा दाखला देतो. हिब्रूत अदोमाचा उरलेला भाग ताब्यात घेण्याची भाषा आहे. ग्रीकमध्ये उरलेली माणसं प्रभूचा शोध करतात. परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, दार उघडं करण्याचा मुद्दा ग्रीक पाठावरच जमतो. त्यामुळे पडताळणीला तीन पुस्तकं एकदम उघडी हवीत: हे, सेप्टुअजिंट आणि हिब्रूची श्टुटगार्ट आवृत्ती. ग्रीक-हिब्रू येत नसेल तरी एक पडताळा मराठी बायबलवर होतो. मूळपुरुष याकोबाच्या घराण्यातली मिसरात आलेली माणसं उत्पत्ती ४६:२७ मध्ये सत्तर आहेत, स्तेफनाच्या भाषणात (कृत्ये ७:१४) पंचाहत्तर. स्तेफन चुकलेला नाही. सेप्टुअजिंटमध्ये पंचाहत्तरच आहेत, आणि मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेतल्या निर्गमाच्या एका हिब्रू प्रतीतही तोच आकडा आहे. म्हणजे फरक भाषांतरकाराने केलेला नाही, मुळात हिब्रू परंपराच एकाहून अधिक होत्या.

तळच्या पाठभेदांचा या कामात उपयोग काय, असं विचारणाऱ्याने मार्क १:२ पाहावं. 'यशयाच्या ग्रंथात लिहिल्याप्रमाणे' असं म्हणून मार्क पहिली ओळ देतो ती मलाखी ३:१ ची, निर्गम २३:२० ची छटा घेऊन. यशया त्यानंतर येतो. नंतरच्या अनेक हस्तलिखितांत 'संदेष्ट्यांच्या ग्रंथांत' असं सावरून घेतलेलं आहे. मत्तय २७:९ मध्ये नाव यिर्मयाचं आणि तीस रुपयांचा मजकूर मुख्यतः जखऱ्या ११ चा. तिथे कुणी नाव बदललं, कुणी गाळलं. लूक ४:१८ मध्ये यशया ६१ मधला भग्नहृदयी लोकांना बरं करण्याचा तुकडा मूळ मजकुरात नाही, पण पुढच्या लेखनिकांनी भरून काढला. अवतरण जितकं मूळ शास्त्राशी जुळतं, तितकं ते नंतर घासूनपुसून घेतलेलं असण्याची शक्यता अधिक. ही सवय लावायला या तळटिपांसारखी शाळा नाही.

तिरप्या टाइपावर मात्र फार विसंबू नये. तो संपादकांचा निवाडा आहे. मत्तय २:२३, योहान ७:३८ आणि याकोब ४:५ या तिन्ही ठिकाणी शास्त्राचं नाव घेतलेलं आहे, पण त्या शब्दांत ते वचन जुन्या करारात कुठेच नाही. दुसरं टोक प्रकटीकरणाचं: 'असं लिहिलं आहे' म्हणून एकही अवतरण नाही, आणि तरी ओळीओळीत दानीएल, यहेज्केल, यशया, जखऱ्या. तिथे फक्त टाइप पाहणाऱ्याच्या हाती फार थोडं लागतं.

शेवटच्या पानांतलं परिशिष्ट उलट दिशेने चालतं: जुन्या कराराचं वचन आधी, ते नव्यात कुठे आलं ते पुढे. स्तोत्रं, यशया आणि अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) यांच्या रांगा लांबलचक आहेत. कुमरानलाही सर्वांत जास्त प्रती याच तिघांच्या मिळाल्या. पुढे यहुदी ग्रंथ येतात, त्यात हनोखाचं पुस्तक (यहूदा १४-१५ मधलं अवतरण तिथलं, १:९), आणि ग्रीक कवीही: कृत्ये १७:२८ मागचा आरातस, १ करिंथ १५:३३ मागचा मेनांडर. परिशिष्टाची खोट एवढीच: ठळक अवतरण आणि दोन शब्दांचा योगायोग एकाच रांगेत बसतात, त्यामुळे त्यावरून बेरजा करून 'इतकी अवतरणं' असं ठोकून देणाऱ्या लेखांपासून सावध राहावं.

२७वी आवृत्ती जवळ असेल तर बदलावी का? काथोलिक पत्रांवर, म्हणजे याकोब, पेत्र, योहान आणि यहूदा यांच्या पत्रांवर, काम असेल तर हो. त्या पत्रांत तिसाहून अधिक ठिकाणी मजकूर बदलला आहे, आणि एक बदल थेट या विषयाचा: यहूदा ५ मध्ये लोकांना मिसरातून सोडवणारा आधी 'प्रभू' होता, आता 'येशू' छापलं आहे. समासातले संदर्भही नव्याने तपासून यहुदी साहित्यापर्यंत वाढवले आहेत. बाकी पुस्तकांत मूळ मजकूर १९७९ च्या २६व्या आवृत्तीपासून तोच आहे. मार्क आणि कृत्यांवरचं म्युन्स्टरचं पुढचं काम यानंतर आलं, ते यात नाही.

बायबल संस्थांच्या जागतिक संघाची, भाषांतर करणाऱ्यांसाठीची यूबीएस-५ (२०१४) मजकुराने हीच, पण अवतरणं ठळक टाइपात आणि मागे अवतरणांची व सूचक उल्लेखांची वेगळी सूची. डोळ्यांना ती सोपी जाते, वर्गात शिकवायलाही बरी. खोदकामासाठी नेस्टले–आलांटच. समासाचा टाइप बारीक आहे. डोळ्यांना त्रास होत असेल तर मोठ्या टाइपाची प्रत निघते, तीच घ्यावी. तिन्ही पुस्तकं एकदम परवडत नसतील तर ग्रीक नवा करार छापील घ्या आणि सेप्टुअजिंट व हिब्रूचा मजकूर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचा. तिथे तळटिपा नसतात, म्हणून स्तोत्र ४० सारख्या जागी मात्र छापील राल्फ्स असलेल्या ग्रंथालयापर्यंत जावंच लागेल.