"दत्तक मोफत, फक्त गाडीभाडं" : पाळीव उंदरांच्या नावाखाली माझे 22,549 रुपये गेले

"दोन मादी पिल्लं, दत्तक मोफत, फक्त गाडीभाडं" असं लिहून पाळीव उंदरांचे फोटो टाकणारी खाती इन्स्टाग्रामवर सध्या जोरात आहेत. त्यातल्या एकानं माझे 22,549 रुपये गिळले. पिल्लं आली नाहीत, येणारही नव्हती. आधी थोडे, मग अजून थोडे, ही पद्धत आता सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती परत उगाळत नाही. मला नेमकं कुठं गाठलं ते सांगते, आणि पुढं पोलीस आणि बँकेनं काय केलं ते सांगते. राग मला त्याचाच जास्त आहे.

उंदीर विकत कोण आणतं, असं विचारणारे इथंच थांबले तरी चालेल. माझी मुलगी पुण्यात शिकायला होती, तिनं हॉस्टेलच्या मैत्रिणीकडून दोन माद्या घेतल्या, चिकू आणि काजू. पुढं तिला हैदराबादला नोकरी लागली, तिथल्या पीजीत प्राणी चालत नाहीत, म्हणून पिंजरा परभणी जिल्ह्यातल्या आमच्या घरी आला. सुरुवातीला मी हात लावत नव्हते. नंतर संध्याकाळी मी पतसंस्थेतून आले की दोघी जाळीला पाय लावून उभ्या राहायच्या आणि मी चहा ठेवायच्या आधी पिंजरा उघडायची. हा उंदीर दोन-तीन वर्षांच्या वर जगत नाही. चिकूच्या छातीशी गाठ झाली, माद्यांना ती फार होते, आणि ती गेली.

काजू एकटी राहिली. हा प्राणी एकटा राहू शकत नाही. कळपातला आहे, अंगाला अंग लावून झोपतो, एकमेकाला चाटून साफ करतो. काजूनं भिजवलेल्या डाळीला तोंड लावणं सोडलं, अंगावरचे केस पिंजारले, आणि डोळ्यांभोवती लाल पाणी वाळून बसायला लागलं. ते रक्त नसतं, उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लाल स्राव असतो. पण तो असा दिसायला लागला की उंदीर आजारी आहे किंवा ताणात आहे असं समजायचं. मला तिला सोबत हवी होती आणि लवकर हवी होती. ही माझी गरज त्या माणसाला माझ्या पहिल्याच मेसेजमध्ये कळली.

शेजारीपाजारी विचारायची सोय नव्हती. 1994 साली बीड जिल्ह्यातल्या मामल्याला प्लेग निघाला होता, हे आमच्याकडं अजून कुणी विसरलेलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप, पडकी घरं, त्यात तसंच राहिलेलं धान्य, आणि उंदीर. आमच्या सासूबाई तर पिंजरा असलेल्या खोलीत पाय ठेवत नाहीत. हे म्हणाले होते, "आहे तेवढं पुरे, आणखी आणू नकोस." म्हणून मी कुणाला न सांगता व्यवहार केला. घरात ज्याची चर्चा करता येत नाही त्याच गोष्टीत हे लोक माणसाला बरोबर पकडतात.

त्यानं स्वतःला पुण्यातला प्राणिमित्र म्हणवलं. मराठी स्वच्छ, बोलणं गोड, आधी मॅडम आणि दुसऱ्या दिवसापासून ताई. सात आठवड्यांच्या दोन बहिणी आहेत म्हणाला, कान खाली असलेल्या डंबो जातीच्या. मला काजूबद्दल चार प्रश्न विचारले, पिंजऱ्याच्या सळ्यांमध्ये अंतर किती, खाली लाकडाचा भुसा घालता का. देवदाराचा भुसा घालू नका, श्वासाचा त्रास होतो, असं त्यानंच मला बजावलं. एवढी माहिती असलेला माणूस चोर असेल असं कोण म्हणेल?

पहिले 1,850 रुपये गाडीभाडं. मग 4,500 रुपये, एसी पेटीची अनामत, पेटी परत दिली की परत. एप्रिलचा शेवट होता आणि परभणीचा पारा 42 च्या वर गेला होता. उंदराला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो शेपटीवाटे टाकतो, आणि तिशीच्या वर तापमान गेलं की त्याचे हाल सुरू होतात. मी स्वतः काजूच्या पिंजऱ्यात पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून ठेवत होते, ती त्यावर पोट टेकून पडायची. अशा उन्हात पुण्याहून नगर, गेवराई, माजलगाव, पाथरी असा रस्ता पिल्लं साध्या खोक्यात करणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून पेटीचे पैसे मला रास्त वाटले. ज्याला या प्राण्याची काहीच माहिती नाही त्यानं कदाचित नसते दिले.

आता ती जागा, जी आठवली की मला रात्री झोप लागत नाही. मी पिल्लांचा व्हिडिओ मागितला होता. त्यानं अकरा सेकंदांचा पाठवला. निळ्यापांढऱ्या चौकड्यांच्या चादरीवर एक हात, हातावर करड्या रंगाचं पिल्लू, डाव्या कानाच्या कडेला बारीक खाच. पिल्लू मनगटावर चढतं, वळतं, शेपटी उचलतं. आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही वृषणं स्पष्ट दिसतात. उंदराचा नर पाच आठवड्यांचा झाला की ते लपतच नाही, चष्मा नसला तरी दिसतं. सात आठवड्यांची "बहीण" म्हणून त्यानं मला नर दाखवला. मुलीनं मला पहिल्याच दिवशी नरमादी ओळखायला शिकवलं होतं, कारण नर-मादी एका पिंजऱ्यात पडले की तीन आठवड्यांत डझनभर पिल्लं. मला जे ओळखता येत होतं तेच माझ्यासमोर होतं, आणि मी त्या पिल्लाच्या तोंडाकडं बघत बसले.

त्या वेळी लाइट गेलेली होती, कूलर बंद, फोनचा उजेड कमी केलेला, आणि मांडीवर काजू, जिनं त्या दिवशी काहीच खाल्लं नव्हतं. व्हिडिओ बघून मी फक्त एवढंच म्हणाले, "किती चपळ आहे." त्यानं लगेच लिहिलं, "तिला तुमच्या काजूला भेटायची घाई झालीय ताई." मोठ्या नोटा मोजण्यात माझं आयुष्य गेलं, खोटी नोट बोटाला लागली की मी थांबते. पण काउंटरवर कुणी मरायला टेकलेलं नसतं.

त्याच रात्री लसीकरण आणि आरोग्य प्रमाणपत्राचे 6,200 रुपये. लिहून ठेवा: पाळीव उंदराला कुठलीही नेहमीची लस नसते. कुत्र्या-मांजराला असते, त्यावरून माणूस फसतो. लसीचे पैसे मागणारा भेटला की तिथंच फोन ठेवा. माझ्याकडं तर रेबीजचा शिक्का मारलेला कागद पाठवला. मग 9,999 रुपये विमा, पिल्लं पोचली की अर्ध्या तासात परत. शेवटी निरोप आला, गेवराईजवळ वनखात्यानं गाडी अडवली, परवान्याचे 14,000 भरा, नाहीतर तुमच्या नावावर गुन्हा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, त्याला घरी न्यायला वनखात्याचा परवाना कसला? तिथं मी पैसे थांबवले आणि मुलीला फोन केला. ती आधी रडली, मग चिडली, मग तासाभरात तिनं तोच व्हिडिओ एका परदेशी माणसाच्या जुन्या पोस्टमध्ये शोधून काढला.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तरच ते अडकतात. मी लावला तर कितीतरी वेळ लागतच नव्हता, लागल्यावर पोचक्रमांक मिळाला. तोवर 22,549 मधले 3,112 रुपये दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात होल्ड झाले, बाकीचे पुढं गेले होते. चारही व्यवहारांचे यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा ओळख क्रमांक, आधी कागदावर उतरवा. त्याला ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यानं गप्पा पुसल्या की हातात काही राहत नाही.

बँकेत गेले तर साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. घरात शिरलेल्या चोराला दार उघडून दिलं म्हणून चोरी माफ होते का? समोरचं खातं तुमच्यासारख्याच एका बँकेनं केवायसी करूनच उघडलं ना, मग त्या खात्यावर कुणाचा फोटो आहे हे विचारायचा अधिकार मला नाही? त्यावर उत्तर नाही. लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला, पोच मागितली तर शिपायाकडं बोट केलं.

आणि पोलीस ठाणं. तिथल्या हवालदारानं माझा अर्ज मोठ्यानं वाचला, बाजूच्या दोघांना ऐकू जाईल असा. "काकू, लोक उंदीर मारायला औषध न्यायलेत, आन् तुम्ही पैसे देऊन आणायलाव?" सगळे हसले. माझ्या मागं खुर्चीवर आमच्या कॉलनीतला एक मुलगा बसला होता, त्याच्यासमोर. मी काय विकत घेत होते याचा गुन्ह्याशी काय संबंध? मी म्हैस घेत असते तर हसले असते का? तिथून सांगितलं, सायबर पोलिसांकडं जा. सायबरला म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यात द्या. ठाण्यात परत गेले तर, आयटी कायद्याचा तपास पीआय साहेबच करतात, साहेब बंदोबस्तात. मग, पैसे गेलेलं खातं बाहेरच्या राज्यातलं, तिथं जाऊन तक्रार द्या. परभणी जिल्ह्यातली बाई 1,850 रुपयांच्या गाडीभाड्याची तक्रार द्यायला परराज्यात जाणार!

घरी येऊन मुलीनं आणि मी कायदा वाचला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्या, गुन्हा कुठंही घडलेला असो, आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. फसवणूक करून पैसे काढणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं आहे. हे मी हवालदाराला छापून दाखवलं. तो म्हणाला, "वकील करा मग." अर्जावर शिक्का मारून दिला, तोही तिथल्या एका महिला कॉन्स्टेबलनं, स्वतःहून. एफआयआर नाही ते नाहीच. आणि होल्ड झालेल्या 3,112 रुपयांसाठी बँक म्हणते कोर्टाचा आदेश आणा.

एवढं होऊन काही दिवसांनी फोन आला, "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फी फक्त 1,500." त्याला माझी रक्कम रुपयापर्यंत पाठ होती. म्हणजे तीच टोळी. असा फोन तुम्हाला येणारच, उचलला तरी एक शब्द बोलू नका.

काजूला सोबत मिळाली. छत्रपती संभाजीनगरच्या एका कुटुंबाकडं दोन माद्या होत्या, आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो, पिल्लं हातात घेतली, उलटी करून बघितली, नाकातून आवाज येतो का ते कानाशी धरून ऐकलं. त्यांनी एक रुपया घेतला नाही, उलट जेवायला घातलं. नवी पिल्लं आणली की पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, श्वासाचा आजार एकीचा दुसरीला लागतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे नाहीत. जाणं शक्यच नसेल तर व्हिडिओ कॉल करा आणि त्या माणसाला आजची तारीख लिहिलेला कागद पिल्लाशेजारी धरायला सांगा. खरा माणूस हसून धरतो, चोराचा कॅमेरा बिघडतो.

ते खातं बंद झालेलं नाही. नाव बदललंय, आता हॅमस्टर देतो म्हणून तोच माणूस फिरतोय, पण जुन्या पोस्टमध्ये मला पाठवलेलाच व्हिडिओ अजून आहे. मी पोलीस अधीक्षकांना कलम 173(4) खाली स्पीड पोस्टानं अर्ज पाठवलाय, त्याला चार यूटीआर नंबर, शिक्का मारलेली प्रत आणि नव्या खात्याचे स्क्रीनशॉट जोडलेत. निळीपांढरी चौकड्यांची चादर, करडं पिल्लू, डाव्या कानाला खाच, अकरा सेकंद. हाच व्हिडिओ बघून ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी आपल्या तक्रारीत या चार खुणा लिहा, म्हणजे वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या लहान लहान रकमा एकाच माणसाच्या नावावर जमा होतील.