'लिटल फायर्स एव्हरीव्हेअर' : काही महिन्यांनी, दुसऱ्या वाचनानंतर

सेलेस्ट इंग यांची ही २०१७ची कादंबरी पावसाळ्यात वाचली, तेव्हापासून ती कपाटात गेलेलीच नाही. नुकतीच पुन्हा वाचून संपवली.

पहिल्यांदा गोष्टच ओढून नेते. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडजवळचं शेकर हाइट्स हे आखीवरेखीव उपनगर, काळ १९९७-९८. गवत किती वाढू द्यायचं याचेही नियम. तिथे रिचर्डसन कुटुंबाच्या दुसऱ्या एका घरात मिया ही फोटो काढणारी कलावंत आणि तिची पंधरा वर्षांची मुलगी पर्ल भाड्याने राहायला येतात. सुरुवातीलाच रिचर्डसनांचं राहतं घर जळतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

पण माझ्या मनात आगीपेक्षा एक साधा प्रसंग जास्त टिकलाय. मिसेस रिचर्डसन मियाला आपल्याकडे साफसफाई आणि स्वयंपाकाचं काम देऊ करतात. आवाज मायेचा, हेतूही मदतीचाच. पण घरमालकीणच विचारतेय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? लेखिका यावर भाष्य करत नाही. पुस्तकभर एक 'मिसेस रिचर्डसन' आणि दुसरी नुसती 'मिया', यातच सगळं आलं.

मियाच्या ओळखीची बेबे चाव हलाखीत आपलं तान्हं बाळ अग्निशमन केंद्राबाहेर ठेवते आणि सावरल्यावर ते दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्याकडून परत मागते. तिची ती एक चूक कोर्टात पुन्हापुन्हा उगाळली जाते. उलट रिचर्डसनांची थोरली लेक्सी अडचणीत सापडते तेव्हा क्लिनिकमध्ये खुशाल पर्लचं नाव देऊन मोकळी होते. हे वाचताना दुसऱ्यांदाही तितकाच संताप आला.

या खेपेला मात्र मी जास्त थांबले ती धाकट्या इझीपाशी. ती अपुऱ्या दिवसांची जन्मली. तिला काही होईल या धास्तीने आई तिच्यावर सतत नजर ठेवते, आणि त्या काळजीचंच पुढे टोकणं होतं. माझी मुलगी साधारण पर्लच्याच वयाची आहे. ती पानं मला सलग वाचवली नाहीत.

मियाचा भूतकाळ सांगणारा भाग लांबलाय. तिथे पर्ल बराच वेळ दिसेनाशी होते, ते खटकलं. इंग्रजी सोपं आहे, सवय नसली तरी जमेल. २०२०ची वेब सिरीज मात्र आधी पाहू नका, तिच्यात शेवट बदललाय.