ड्राफ्टची, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीची, वाट पाहायची की आधीच भरती व्हायचं?

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी तरुणापुढचा हा खरा पेच. ड्राफ्टमध्ये गेलात तर नोकरी २ वर्षांची, पण काम लष्कर ठरवणार. पुष्कळांच्या वाट्याला पायदळच. मग व्हिएतनाममध्ये १२ महिने: भातखाचरांतला चिखल, पाठीवर ओझं, हातात एम-१६ रायफल, सतत ओले राहून सोलवटलेले पाय. आपणहून सही केली तर ३ वर्षं, मात्र मेकॅनिक, कारकून असं काम मागून घेता येई. गळ्यातल्या बिल्ल्यावरचा क्रमांकही वेगळा. १९६९ पर्यंत ड्राफ्टवाल्याचा 'यूएस'ने, आपणहून भरती झालेल्याचा 'आरए'ने (रेग्युलर आर्मी) सुरू होई. मला विचाराल तर वर्ष जास्त गेलेलं परवडलं. बरेच जण ड्राफ्टच्या धाकानेच सही करत, हेही खरं. डिसेंबर १९६९ मध्ये ड्राफ्टसाठी आधी कोणाला बोलवायचं हे ठरवायला जन्मतारखांची सोडत निघाली. पहिली चिठ्ठी १४ सप्टेंबरची.