माहुलीच्या उतरणीवर सोल हातात आला: ठाण्यात बूट घेताना माझी झालेली फसवणूक

माहुली किल्ल्याची शिडी उतरून जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, माझ्या ट्रेकिंगच्या उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला. हातात घेऊन बघितला, तर सोल आणि वरच्या चामड्याच्या मधला थर नानकटाईसारखा बोटांनी चुरला जात होता. बूट त्याआधी एकदाच वापरलेले, ठाण्याजवळच्या येऊरच्या डांबरी रस्त्यावर. पुढची उतरण सोलला दोरी बांधून, मित्राच्या खांद्याचा आधार घेत केली. आसनगावला पोहोचेपर्यंत अंधार झाला होता. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, ती वेगळीच.

हे बूट मी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून २,८०० रुपयांना घेतले होते. दुकानदार म्हणाला, "एक्स्पोर्टचा माल आहे साहेब, शोरूममध्ये दुप्पट मोजाल." मला आठ नंबर लागतो. खोक्यावर आठच होता, पण पाय आत सरकत होता. त्याने एक जादा सुकतळा आत सारला आणि म्हणाला, "जाड मोजे घातले की बरोबर बसेल." मला पटलं. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर पडेल. पैसे यूपीआयने दिले, तर समोर दुकानाचं नव्हे, कुणा माणसाचं नाव आलं. तिथेच मागे फिरायला हवं होतं मी.

ट्रेकहून घरी आल्यावर खोकं नीट पाहिलं. किमतीच्या स्टिकरखाली आणखी एक स्टिकर होता. हेअर ड्रायरने गरम करून वरचा काढला, तर खाली नंबर नऊ आणि साल २०१५. बुटाच्या जिभेच्या आतली शिवलेली लेबलची पट्टी कात्रीने कापलेली; धाग्यांची टोकं अजून तिथे आहेत.

अशा बऱ्याच बुटांत सोलच्या वरचा मधला थर पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं फोमसारखं प्लास्टिक) असतो. तो हवेतल्या दमटपणाने हळूहळू विरघळल्यासारखा कमकुवत होतो, बूट खोक्यात न वापरता पडून असले तरी. म्हणजे "कोरे आहेत" याला काहीच अर्थ नाही, तारीख बघायलाच हवी. खोक्यावर महिना-वर्ष छापणं बंधनकारक आहे. स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा, दुहेरी असेल तर लगेच कळतं. सोलच्या वरचा थर अंगठ्याने जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या तर बूट खाली ठेवा.

मापासाठी संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकला घालणार तेच मोजे न्या. लेस बांधून दुकानाच्या पायरीवरून उतरून बघा: बोटं पुढे आपटता कामा नयेत, टाच वर उचलली जाता कामा नये. सैल बुटात जादा सुकतळा घालून माप साधत नाही. उतारावर पाय पुढे घसरतो आणि सगळा भार नखांवर येतो, हे मी सोसलंय.

दुकानात परत गेलो, तर त्याने भिंतीवरची पाटी दाखवली, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, दोन्ही स्टिकरचे फोटो आणि सोलचा तो भुगा, सगळं एका पिशवीत जपून ठेवलंय. पैसे अजून मिळालेले नाहीत.