भाजलेली रान आणि विजेची सुरी
ग्वाल्हेरला लष्कर भागातील आमच्या घरी धुळवडीला बोकडाची अख्खी रान, म्हणजे मांडी, भाजली जाते आणि ती कापण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे यंदा मी विजेवर चालणारी सुरी विकत घेतली. मुठीत मोटार असून शेजारीशेजारी बसवलेली दोन दातेरी पाती एकमेकांच्या उलट दिशेने वेगाने पुढेमागे सरकतात. त्यामुळे सुरी ओढावी लागत नाही, नुसती मांसावर हलकेच टेकवून खाली जाऊ द्यावी लागते. ओव्हनमधून काढलेली रान वीस मिनिटे झाकून ठेवली आणि मग धाग्यांच्या आडवे काप घेतले, तेव्हा वरचे मसाल्याचे खरपूस कवच न निखळता पेन्सिलीच्या जाडीचे काप सरळ पडले. जुन्या सुरीने हे मला कधीच जमले नव्हते.

हाडाजवळ मात्र हिचा उपयोग नाही. तेथे पाती थडथडतात आणि शेवटी साध्या सुरीनेच मांस सोडवावे लागते. खटका सतत दाबून धरावा लागत असल्याने अंगठा अवघडतो, आणि आवाज असा की सासूबाईंनी ती पाहुण्यांसमोर लावायची नाही, असे बजावले आहे. धुण्यापूर्वी प्लग काढून पाती वेगळी करावीत; मूठ पाण्याखाली धरू नये.

गोल पात्याचा स्लाइसरही मी पाहिला होता, परंतु तो बिनहाडाच्या, थंड करून घट्ट झालेल्या मांसाचे पातळ काप काढण्यासाठी उत्तम, आणि आमच्या ओट्यावर त्याला जागा द्यायची तर मिक्सर हलवावा लागला असता.